युरोपची हजेरी

पपा,

गेल्या रविवारी मला मँचेस्टर भेटले. शहर नव्हे. तुमच्या रविवारच्या वर्गातले, मिठागरावर काम करणारे, ज्यांना आम्ही सगळे मँचेस्टरकाका म्हणायचो ते. आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, पण आवाज तोच. त्यांचा मुलगा इथं टोरांटोच्या स्कारबरो भागात ट्रक चालवतो, त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांनी मला जे सांगितलं, ते तुम्हाला छत्तीस वर्षांपूर्वी सांगता आलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही गेलात त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली, तेव्हा तक्रार करायची तरी कुणाकडे? म्हणून शनिवारी दुपारी कागद घेऊन बसले आहे. आमचे हे गाडीला विंटर टायर्स बसवायला गेलेत, दोन तास तरी यायचे नाहीत. मला लिहायची सवय नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्ताचे रिपोर्ट लिहिते, त्यात आकडे असतात, वाक्यं नसतात. तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आधी आपलं स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती आणि तिथं कुणीही, कधीही यायचं, म्हणून तुम्ही वर्ग मागे भरवायचात. रविवारी मिस्सा व्हायची, जेवणं व्हायची, आणि तीनच्या सुमारास एकेक जण केळीच्या बागेतून मागच्या दाराने आत यायचा. मला ते अजून दिसतं. चूल विझत आलेली आहे, आई भांडी पुसते आहे, भिंतीला खिळ्यावर तुम्ही स्वतः काढलेला युरोपचा नकाशा टांगला आहे, ब्राऊन पेपरवर, निळ्या आणि लाल पेन्सिलीने. आठ माणसं जमिनीवर मांडी घालून बसली आहेत. एक एस.टी.चे कंडक्टर, एक शिंपी, मिठागरावरचे हे काका, शाळेतला शिपाई, आणखी कुणीकुणी. तुम्ही दिवसा शाळेत नववीला इतिहास शिकवता तसाच इथंही शिकवता, फक्त इथं परीक्षा नाही आणि तुम्ही छडीऐवजी उलथनं घेऊन उभे आहात, कारण नकाशावर दाखवायला दुसरं काही सापडलं नाही.

तुमचा युरोप राजांपासून सुरू व्हायचा नाही, धुरापासून व्हायचा. इंग्लंडातल्या गिरण्या, कोळसा, यंत्राखाली सरपटत तुटका धागा जोडणारी सात-आठ वर्षांची मुलं. “राबतो कोण आणि कमावतो कोण, हा प्रश्न तिथं पहिला विचारला गेला,” तुम्ही म्हणायचात, “कारण धूर तिथं पहिला निघाला. प्रश्न त्यांचा एकट्यांचा नाही.” मग तुम्ही त्या भल्या माणसांवर यायचात ज्यांना सुरुवातीला समाजवादी म्हटलं गेलं. एक गिरणीमालक, ज्याने कामगारांना घरं बांधून दिली आणि त्यांच्या मुलांना शाळा. एक फ्रेंच माणूस, ज्याने सगळ्यांनी एकत्र राहून काम करायच्या वसाहतीचा पूर्ण आराखडा काढला, आणि त्यासाठी पैसे देणारा कुणी श्रीमंत भेटावा म्हणून तो रोज दुपारी बारा वाजता घरी त्याची वाट बघत बसायचा. वर्षानुवर्षं.

“आला का मग तो श्रीमंत?” शिंप्याने विचारलं.

“नाही आला.”

“अहो, मग कुणीतरी त्याला सांगायचं ना, जेवून घे म्हणून!” आई चुलीपाशी बसून म्हणाली, आणि सगळं स्वयंपाकघर हसलं. तुम्हीसुद्धा. मग तुम्ही उलथनं खाली ठेवलंत आणि म्हणालात की नेमकं हेच पुढे एका दाढीवाल्या जर्मनाने लंडनच्या वाचनालयात बसून सांगितलं. वाट बघू नका. ज्याच्याकडे गिरणी आहे तो स्वतःहून सोडणार नाही, आणि ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत त्याला त्याच्यासारख्याच दुसऱ्याचा हात धरावा लागेल. आई म्हणाली, “एवढंच सांगायला वाचनालयात कशाला बसायला हवं होतं?”

शहरांची नावं कशी पडली ते मला चांगलं आठवतं, कारण हजेरी माझ्याकडे होती. तुम्ही प्रत्येकाला एक शहर दिलं होतं. त्याने त्या शहरात काय घडलं ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या रविवारी सांगायचं. मँचेस्टर मिठागरावरच्या काकांना, कारण तिथल्या कामगारांचे पाय कायम ओले असत असं कुठंतरी तुम्ही वाचलं होतंत. लिऑन शिंप्याला, तिथल्या रेशीम विणकरांनी बंड केलं म्हणून. पॅरिस कंडक्टरला. १८७१ साली पॅरिसच्या लोकांनी बहात्तर दिवस शहर स्वतः चालवलं, बेकरीतल्या कामगारांची रात्रपाळी बंद केली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कंडक्टर म्हणाले, “बहात्तर दिवस! आमच्या डेपोचा संप चार दिवससुद्धा टिकला नाही, मास्तर.” मग त्यांनी विचारलं, शेवटी काय झालं. तुम्ही सांगितलंत, की एका दफनभूमीच्या भिंतीला लावून माणसांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

आणि आईचं शहर. तुम्ही रशियावर आलात तेव्हा आधी १९०५ च्या त्या रविवारचं सांगितलंत, एक पाद्री पवित्र चित्रं हातात घेतलेल्या कामगारांना घेऊन राजाकडे अर्ज द्यायला निघाला आणि सैनिकांनी गोळीबार केला. सगळे खाली मान घालून बसले होते. आपल्यातले कुणीही त्या मिरवणुकीत असू शकले असते, असं तेव्हा मलाही वाटलं. मग १९१७. तुम्ही म्हणालात, त्या वर्षीच्या क्रांतीची सुरुवात पुढाऱ्यांनी केली नाही, पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी केली. आई उभी राहिली. तिच्या हातात कपबशी होती. “रॉकेलच्या रांगेत चार तास उभं राहिल्यावर माझ्या मनात रोज काय येतं ते विचारा,” ती म्हणाली. “त्याला पुस्तक लागत नाही.” तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “लिही. पेत्रोग्राद.” तेव्हापासून मी हजेरी घेताना पेत्रोग्राद म्हटलं की चुलीकडून आवाज यायचा, “हजर! आणि साखर संपली आहे.”

पुढे त्या क्रांतीचं काय झालं, ज्यांच्या नावाने झाली त्यांनाच तोंड उघडायची चोरी कशी झाली, हेही तुम्ही लपवलं नाहीत. कंडक्टर त्यावर तुमच्याशी भांडले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, “इतिहास आवडतो तेवढाच शिकवायचा असेल तर मी शाळेतच शिकवतो की.” तुम्ही कुठल्याच पक्षाचे नव्हतात. मला वाटतं तुम्हाला शिकवायला आवडायचं, एवढंच. आणि तुमच्या शाळेतल्या मुलांना तो विषय चार मार्कांचा होता.

मी सोळा वर्षांची होते. अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते आणि दुसरं काही काम नव्हतं म्हणून तुम्ही हजेरी माझ्याकडे दिलीत. शाळेतलं उरलेलं मस्टर, खाकी पुठ्ठ्याचं. तुमच्या वर्गाला हजेरी कशाला लागायची ते मला अजून कळत नाही. पण तुम्ही मास्तर होतात. हजेरी घेतल्याशिवाय तुम्हाला बोलायला सुरुवातच करता येत नसे. एकदाच तुम्ही मला रागावलात. मँचेस्टरकाका आले नव्हते, मी लाल शाईने गैरहजरची खूण केली. ते पाच वाजता धावत आले, पायाला मीठ लागलेलं, मुकादमाने सोडलं नव्हतं. तुम्ही मला सगळ्यांसमोर म्हणालात, “त्याचा खाडा मालक लावतो. आपण नाही लावायचा.” मी ब्लेडने ती खूण खरवडली. कागद जरा पातळ झाला. मला इतकं लागलं होतं की त्यानंतर मी ती हजेरी फार म्हणजे फारच नीट ठेवू लागले.

तिथंच चूक झाली. आणीबाणी लागली होती. लोक हळू बोलायला लागले होते, तुम्ही मात्र वर्ग बंद केला नाहीत, फक्त मागचं दार आतून लावायला लागलात. मला राजकारणाचं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की शाळेच्या मस्टरमध्ये शेवटच्या पानावर विद्यार्थ्यांची पूर्ण नावं आणि गावं असतात, आणि आपल्या मस्टरमध्ये नुसती शहरं आहेत. ते अपुरं दिसत होतं. एका रविवारी सकाळी मिस्सेला जायच्या आधी मी शेवटच्या पानावर पट्टीने रेघा मारल्या आणि सुबक अक्षरात लिहिलं. पॅरिस, पुढे कंडक्टरांचं नाव, गाव. मँचेस्टर, काकांचं नाव, गाव. लिऑन. मग बाकीचे. आठही. आईचं नावसुद्धा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, आडवारी, तुम्ही शाळेत असताना दोन माणसं आली. एक गणवेशात, एक साध्या कपड्यांत. आई विहिरीवर होती. साध्या कपड्यातल्याने अगदी अदबीने विचारलं, मास्तर रविवारी वर्ग घेतात ना, त्याची वही असेल. पपा, तुमच्या शाळेत तपासनीस यायचे तेव्हा तुम्ही घरी किती तयारी करायचात! तपासनीसाने मस्टर मागितलं की लगेच द्यायचं, दोन्ही हातांनी द्यायचं, कारण द्यायला वेळ लावला की त्याला संशय येतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. आत जाऊन मस्टर काढलं, त्याच्यावर धूळ होती म्हणून न उघडताच ओढणीने पुसलं, आणि दोन्ही हातांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला नेलं. त्याच्या पुढच्या दिवशी कंडक्टर, मँचेस्टरकाका आणि शिंपी आत गेले. पॅरिस, मँचेस्टर, लिऑन. यादीतली पहिली तीन नावं. मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. आईने मला त्याच आठवड्यात मुंबईला मावशीकडे पाठवलं, कॉलेजसाठी म्हणाली, आणि जे काही कळलं ते पत्रातून कळलं. बाकीचे नऊ दिवसांनी सुटले, तुम्ही चार महिन्यांनी. काकांचं मिठागरावरचं काम गेलं. शाळेने तुम्हाला परत घेतलं नाही. तुम्ही घरी शिकवण्या घ्यायला लागलात, इंग्रजी आणि गणित. इतिहासाची शिकवणी कुणी लावत नाही. रविवारचा वर्ग तुम्ही पुन्हा भरवला नाहीत. नकाशा भिंतीवरून गेला, खिळा तेवढा राहिला.

सुट्टीत घरी आले की मी रोज वाट बघायचे, आज विचाराल, उद्या विचाराल. “त्या वहीत नावं कुणी लिहिली?” तुम्ही कधीच विचारलं नाहीत. मला सायकलवरून स्टँडवर सोडायला यायचात, डबा हातात द्यायचात, आणि म्हणायचात, नीट जा. मी समजायचे की तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मला क्षमा केली आहे, किंवा तुम्हाला माहीत आहे आणि केलेली नाही. तिसरी शक्यता मला कधी सुचली नाही.

याचा परिणाम माझ्यावर काय झाला ते सांगते, कारण तुम्हाला ते बघायला मिळालं नाही. मी कुठल्याही यादीवर नाव लिहीत नाही. इथं येऊन वीस वर्षं झाली. शेजाऱ्यांनी रस्त्यावर स्पीड बंप हवेत म्हणून अर्ज फिरवला, मी दार उघडलं नाही. लॅबमध्ये कुणी कार्ड, कुणी निवेदन घेऊन आलं की मी वॉशरूमला जाते. माझ्याबरोबर काम करणारी एक फिलिपिनो बाई आहे, पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावर. तिने मला एकदा विचारलं होतं, “आर यू मॅड ॲट अस ऑर समथिंग?” मी हसले आणि पेट्री डिश मोजायला लागले. घरी मी तुमच्याविषयी लेकीला एवढंच सांगितलं होतं, की आजोबा टीचर होते.

लेक आता वॉटर्लू युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटरचं शिकते, पण एक विषय बाहेरचा घ्यावा लागतो म्हणून तिने युरोपचा इतिहास घेतला. या ऑक्टोबरात टोरांटोमध्ये एका बागेत तरुण मुलांनी तंबू ठोकले, श्रीमंत आणि बाकीचे यांच्यातल्या अंतराविरुद्ध, तिथंही ती मैत्रिणींबरोबर दोनदा जाऊन आली. टीव्हीवर ते तंबू दिसले की मी चॅनल बदलायचे. मग एक दिवस तिचा फोन आला.

“मॉम, एटीन फोर्टी-एटबद्दल पेपर लिहायचाय, इट्स सो कन्फ्यूजिंग. सगळीकडे एकदमच रेव्होल्यूशन.”

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “आधी पालेर्मो, मग पॅरिस, मग व्हिएन्ना, मग बर्लिन, त्याच आठवड्यात मिलान.”

ती म्हणाली, “ओके, हाउ डू यू इव्हन नो दॅट?”

मी म्हटलं, भात लागतोय, नंतर बोलू. भात झाला नव्हता, तांदूळ अजून धुतलेसुद्धा नव्हते.

आता गेला रविवार. इथं आपले वसईकर महिन्यातून एकदा चर्चच्या बेसमेंटमध्ये मराठी मिस्सेनंतर जमतात. कॉफी, डोनट, आणि कुणीतरी आणलेली चवळी. मी प्लेट घेऊन कोपऱ्यात उभी होते. मुलाचं मोठं थोरलं जॅकेट घातलेला एक म्हातारा माणूस माझ्यासमोर येऊन थांबला आणि निरखून बघू लागला.

“मास्तरांची पोर ना तू? हजेरीवाली?”

मी हो म्हटलं. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि बोलायलाच लागले. इथली थंडी, इथले डॉक्टर, सून चांगली आहे पण भाजीत मीठ घालत नाही. “मिठागरावर जन्म गेला आणि आता मीठ बंद,” ते म्हणाले. मी हसले नाही. मला एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलायला मला छत्तीस वर्षं लागली होती.

“काका, त्या मस्टरमध्ये नावं मी लिहिली होती. शेवटच्या पानावर. आणि पोलिसांना मस्टर मीच दिलं.”

ते डोनट खात होते. सावकाश खाऊन संपवलं, हात पुसले.

“ते पान? ते तर मास्तरांनी त्याच रविवारी फाडलं. मी होतो ना तिथं! वर्ग संपला, तू बागेत गेलीस, आम्ही पाणी पीत होतो. मास्तरांनी वही चाळली आणि म्हणाले, बघा, माझ्या लेकीने काय सुबक यादी केली आहे. आम्हाला दाखवली. मग पान काढलं आणि वहिनींना दिलं. वहिनींनी ते चुलीत घातलं आणि त्यावर आमचा चहा उकळला.”

“मग तुम्हाला कसं धरलं?”

“आम्हाला कुणी धरलं? आम्ही आपल्या पायांनी गेलो!” ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की दोन बायकांनी वळून बघितलं. “मास्तरांना नेलं म्हटल्यावर वहिनींनी डबा दिला. मी, कंडक्टर आणि शिंपी, तिघं चौकीवर डबा घेऊन गेलो. आत साहेब बसलेला, समोर वही, समोर तुझे पपा उभे. साहेब विचारतोय, हा पॅरिस कोण? मास्तर म्हणतात, फ्रान्सची राजधानी. मस्करी करता? नाही साहेब, पाचवीच्या भूगोलात आहे. आणि हा मँचेस्टर? इंग्लंडात आहे साहेब, कापडासाठी प्रसिद्ध. साहेब तापला. आम्ही दारात उभे. तो आमच्यावर ओरडला, तुम्ही कोण रे? आता मी काय म्हणालो असेन?”

“काय म्हणालात?”

“म्हणालो, साहेब, मी मँचेस्टर.” काका हसायला लागले, हसता हसता खोकला आला, मी पाणी आणून दिलं. “तुझ्या पपांनी कपाळाला हात लावला. आणि हा कंडक्टर, तो मागून म्हणतो, मी पॅरिस. शिंपी बिचारा म्हणाला, मग मी पण आलोच. झालं! नऊ दिवस. मास्तर आत मला म्हणाले, अरे, सगळ्या युरोपला वाचवत होतो, तुम्ही डबा घेऊन काय आलात!”

“आणि तुमचं काम गेलं ते?”

“ते माझ्या तोंडामुळे गेलं, बाई. तुझ्या अक्षरामुळे नाही. आणि मास्तरांना ते नेणारच होते. वही नसती तरी नेलं असतं, त्यांची चहाडी कुणीतरी आधीच केली होती. कोणी, ते आम्हाला कधी कळलं नाही. पण ती तू नव्हतीस.”

मी विचारलं, पपा माझ्याविषयी काही बोलले का. काकांना जरा आठवावं लागलं. मग म्हणाले, “बोलले ना. पान फाडताना म्हणाले, तिला कुणी काही बोलू नका, हजेरी लिहायला तिला मीच शिकवलंय, चूक माझी. तू खरवडलेली ती लाल खूण होती ना, तिच्यामुळे ते आधीच हळहळत होते. सगळ्यांसमोर बोललो, म्हणाले.”

म्हणजे तिसरी शक्यता ही होती, की विचारण्यासारखं काही नव्हतंच. तुमच्या लेखी ते प्रकरण चहाबरोबर संपलं होतं. मला लाजवायचं नाही म्हणून तुम्ही गप्प राहिलात, आणि तुम्ही गप्प राहिलात म्हणून मी. आईलाही ठाऊक होतं. तिला वाटलं असेल, पोर विसरली. तिघं माणसं एका घरात, आणि एकाने दुसऱ्याला एवढं विचारू नये? मला तुमचा राग आला, खरंच आला. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी दोन मिनिटं तुमच्यावर चांगली रागावले. मग हीटर सुरू झाला, काचेवरचं धुकं खालून वर विरत गेलं, आणि मला समोरचं सगळं दिसायला लागलं. मी घरापर्यंत गाडी चालवत आले आणि वाटेत माझ्या लक्षात आलं की मी श्वास पूर्ण घेते आहे. असं लिहिलं की खोटं वाटतं. पण लॅबमध्ये काम करते, छातीत हवा किती जाते ते मला कळतं.

संध्याकाळी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, स्वयंपाकघर, उलथनं, तिची आजी म्हणजे पेत्रोग्राद. ती मध्येमध्ये “वेट, व्हॉट?” म्हणत होती. चौकीतलं सांगितलं तेव्हा ती खूप हसली आणि मग एकदम रडायला लागली. “मॉम, यू वेअर सिक्स्टीन,” ती म्हणाली. “मी सोळाची असताना तर मला बसचा पाससुद्धा सांभाळता येत नव्हता.” मग तिने विचारलं, हे पेपरमध्ये लिहू का. मी आधी नको म्हणणार होते. मग म्हटलं लिही, फक्त आजीचं साखर संपल्याचंही लिही, ते नाही लिहिलंस तर तिला आवडणार नाही. तिला मी काकांचा नंबर दिला. त्यांनी तिला परवा तासभर मँचेस्टर शिकवलं म्हणे, अर्धं मराठीत आणि उरलेलं मोठ्याने.

बुधवारी लॅबमध्ये एक निवेदन फिरत होतं. मोठं काही नाही, आमच्या पाळ्यांचं वेळापत्रक निदान दोन आठवडे आधी कळावं, एवढंच. ती शेजारची बाई ते घेऊन माझ्या टेबलाजवळून गेली, थांबली नाही. थांबायचं तिने कधीच सोडलं आहे. मीच तिला हाक मारली. तिच्या हातातून कागद घेतला. बावीस जणांनी सह्या केल्या होत्या. मी तेविसाव्या ओळीवर पूर्ण नाव लिहिलं, तुमच्या नावासकट. अक्षर वाईट आलं. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “वेल, लुक हू केम टू द पार्टी.” दुपारी तिने तिच्या डब्यातल्या नूडल्स मला दिल्या. चवीला बऱ्या होत्या.

यांची गाडी आली वाटतं, गराज उघडल्याचा आवाज येतोय. हे पत्र मी पाठवणार कुठे? संपवते. पण एक राहिलं आहे आणि ते मी लेकीला सांगितलं नाही, काकांना नाही, कन्फेशनला फादरांनाही नाही. तुम्ही गेल्याची तार मावशीच्या घरी आली तेव्हा मी ती उभ्याउभ्या वाचली, आणि माझ्या मनात पहिलं जे आलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, चला, आता विचारणारं कुणी उरलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मग सगळ्यांबरोबर रडले, पण ते पहिलं वाटणं मला माहीत होतं, आणि त्याच्या लाजेने मी तुमच्यासाठी कधी नीट रडले नाही. या आठवड्यात मात्र मी रोज रडते आहे, अगदी साध्या वेळी, भांडी लावताना, सिग्नलला थांबल्यावर. यांनी काल विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझे पपा गेले.